सुधाकरची खंडेनवमी

माणूस जातो, पण त्याचं कार्य मागे उरतं. स्टुटगार्टच्या आमच्या मराठी मंडळातल्या शोकसभेत सुधाकरबद्दल जवळजवळ प्रत्येकाने हे म्हटलं आणि प्रत्येक वेळी मी माझ्या बुटांकडे पाहिलं. महिन्यापूर्वी त्याच्या बायकोचा, इंगेचा, फोन आला तेव्हा मी त्सुफेनहाउझेन स्टेशनवर एस-बानची, म्हणजे इथल्या लोकलची, वाट पाहत होतो. "झोपेतच गेला," ती म्हणाली. मग जरा थांबून, "शेवटी झोप लागली म्हणायची..." सभेत अध्यक्ष म्हणाले, सुधाकरने जर्मन तंत्रज्ञानाला भारतीय संस्कारांची जोड दिली. दिली होती. दुःख तेच आहे.

तो इथल्या एका कंपनीत बंदरांसाठी स्कॅनर बांधायचा. घराएवढं यंत्र, कंटेनरचा ट्रक त्यातून गेला की आतलं सगळं पडद्यावर दिसतं. त्यातलं एक पश्चिम आफ्रिकेतल्या एका लहानशा देशाने घेतलं. देशाचं नाव लिहीत नाही; तोही घेत नसे. "माझ्यामुळे त्यांची आणखी बदनामी कशाला?" म्हणायचा. दक्षिण अमेरिकेतून आलेलं कोकेन त्या बंदरात काजूच्या पोत्यांत शिरायचं आणि युरोपला निघायचं. ते पकडायला हे यंत्र. उद्घाटनाला बँड होता, भाषणं होती, आणि फीत कापणारे मान्यवर इतके होते की फीत पुरली नाही.

यंत्र सुरू झालं आणि पंधरवड्यात खंडेनवमी आली. सुधाकर पुण्याच्या कारखान्यात तयार झालेला. त्याने यंत्र बंद केलं, कुंकू लावलं, झेंडू मिळेना म्हणून बोगनवेलीची माळ घातली. नेमके बंदरमंत्री आले. हे काय, त्यांनी विचारलं. "आमच्याकडे या दिवशी यंत्राला राबवत नाहीत, त्याची पूजा करतात," सुधाकरने सांगितलं. कोणी विचारलं की तो सविस्तर सांगायचाच. मंत्र्यांनी यंत्राला हात जोडले. दोघांचा तो फोटो आमच्या दिवाळी अंकात आला. 'संस्कृती सातासमुद्रापार' हा मथळा माझा.

पुढच्या वर्षी तो देखभालीसाठी गेला, तर भर मार्चमध्ये यंत्राला माळ आणि यंत्र बंद. स्कॅनरवरची कस्टम्स अधिकारी फातूमाता, त्याचीच विद्यार्थिनी, म्हणाली, "या, मिस्टर सुधाकर. तुमचा सण आहे आज."

"आज? तो ऑक्टोबरात असतो."

"तुमच्याकडे. इथे मंत्र्यांच्या भावाचे काजू निघाले की असतो."

मग तिने एकच मागणं केलं. या यंत्राला विश्रांती लागत नाही, एवढं तुम्ही सगळ्यांसमोर सांगा. मी सांगते तर म्हणतात, बनवणाऱ्यापेक्षा तुला जास्त कळतं का? दुपारी मंत्र्यांकडे जेवण होतं, दुसऱ्या यंत्राची बोलणी होती. सुधाकर तिला म्हणाला, "बघतो." आपल्यात या शब्दाचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो, तिला तो जेवणानंतर कळला. पुढच्या महिन्यात तिची बदली सरहद्दीवरच्या एका नाक्यावर झाली. तिथून मुख्यतः शेळ्या ये-जा करतात.

पुढे इकडे युरोपातल्या एका बंदरात काजूखाली कोकेन सापडल्याची बातमी आली, तेव्हा कुठे त्याने तिथल्या मंत्रालयाला कळवलं की यंत्र रोज चालवावं आणि फातूमाताला परत आणावं. उत्तर आलं : आमचे सरकार सर्व धर्मांचा आदर करते. गेर्लिंगेनच्या रानात फिरताना त्याने मला हे सांगितलं. मी म्हटलं, "चला, धर्मप्रसार तरी झाला!" तो हसला नाही. "अरे, तिने माझ्याकडे एक वाक्य मागितलं होतं. आणि मी जेवायला गेलो..." तिच्या बदलीसाठी तो शेवटपर्यंत विनवण्या करत राहिला. घरी खंडेनवमी बंद झाली. इंगे शिवणयंत्रावर फूल ठेवायची, तो ते निमूट उचलून खिडकीत ठेवायचा आणि म्हणायचा, "शीव काहीतरी."

शोकसभेत हार घालायला तोच मंत्र्यांबरोबरचा फोटो लावला होता. मीही हार घातला. परवा इंगेकडे गेलो तर तिने मंत्रालयाचा शोकसंदेश वाचून दाखवला. फातूमाताचं नाव त्यात नव्हतं; ती अजून नाक्यावरच आहे. संदेशात होतं : सुधाकरच्या सन्मानार्थ यंत्र तीन दिवस बंद ठेवण्यात आलं, आणि त्या काळात काजूची निर्यात सुरळीत पार पडली.