अर्धा गिलास ठेवून आलेला माणूस

जळकोटच्या स्टँडवर आम्ही उभे होतो तेव्हा सामान म्हणावं असं आमच्याजवळ एकच होतं, यांची लोखंडी कढई. ती एवढी मोठी की कंडक्टर म्हणाला, हिचं फुल तिकीट काढावं लागंल. हे हसले. मलाही हसू आलं असतं, पण सकाळच्या पहिल्या बसला यांच्या तोंडाला वास येत होता आणि माझे आईवडील समोर उभे होते.

लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. माझे मालक संगमेश, आचारी. जळकोट-उदगीर भागात त्यांना संगूआचारी म्हणत, आणि त्यांच्या हातची हुग्गी, म्हणजे कांडलेल्या गव्हाची गूळ घालून केलेली खीर, खायला लोक दुसऱ्यांदा पंगतीला बसत. पण पंगत म्हटलं की पाणी लागतं. त्या वर्षी लोक मंदिरात अक्षता टाकून, चहा पाजून मोकळे होत होते. आचाऱ्याला कोण विचारणार? उदगीर जिल्हा होणार, होणार हे लग्न होऊन आल्यापासून मी ऐकत होते. तो काही झाला नाही. आम्हीच उठून लातूर जिल्ह्यातनं नांदेड जिल्ह्यात निघालो, कारण नांदेडला शिकवणीच्या पोरांच्या मेस होत्या आणि तिथं आचारी लागत होता.

वडील म्हणाले, “महानंदा, गाव बदललं म्हंजी माणूस बदलतो असं समजू नगंस.” आई मात्र एवढंच म्हणाली, “परत यावं वाटलं तर ये. इचारत बसू नगं.” बस जांबच्या पुढं गेली तरी मी आईच्याच वाक्याचा विचार करत होते. खरं सांगते, मनात मी परतीची बस धरलीच होती.

आम्ही लिंगायत. आमच्या घरात दारूचं नाव काढत नसत, म्हणून ती सगळी लपून चालली. आधी लग्नघरातलं काम संपल्यावर अंग दुखतं म्हणून, मग काम नाही म्हणून, मग नुसतीच. अव्वांनी, म्हणजे सासूबाईंनी, गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून यांना शपथ घ्यायला लावली होती. हे रडत शपथ घेत आणि आठवड्यात मोडत, आणि मोडली की त्या लाजेनं आणखी पीत. कुणीतरी दारू सुटावी म्हणून, यांना न सांगता चहात कालवायची पूडही आणून दिली होती. ती मी फेकली, ते फार बरं झालं असं पुढं कळलं.

नांदेडला देगलूर नाक्याला आम्हाला खोली मिळाली. घरमालकीण शमीमआपा, साठीच्या, एकट्या राहणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या. आम्ही लिंगायत म्हटल्यावर त्याच म्हणाल्या, माझी चूल पलीकडं आहे, तुमचा तवा तुमचा, काळजी करू नकोस. पहिले दिवस मला हे शहर फार मोठं आणि फार बोलकं वाटायचं. पोरं नीट, सीईटी, टेस्ट सिरीज असं काहीतरी बोलत जेवायची आणि आमचे हे त्यांना वाढताना म्हणायचे, “बाबांनो, भाजीचा बी निकाल सांगत जावा.” दिवसभर सगळं छान. सकाळी मात्र हात थरथरायचे, आणि एक घोट घेतल्याशिवाय थांबायचे नाहीत.

एके सकाळी पुऱ्या तळताना झारा हातातून सुटून कढईत पडला. तेल उडालं ते यांच्याच मनगटावर. शेजारी ताट घेऊन उभ्या मुलीवर उडालं नाही, एवढंच नशीब. मेसच्या मालकानं शांतपणे सांगितलं, उद्यापासून येऊ नका. हे घरी आले, मनगटाला हळद लावलेली, आणि भिंतीला टेकून बसले. मला वाटलं आता बाटलीच काढतील. पण म्हणाले, “मला दवाखान्यात ने. भाजल्याचं न्हाई म्हणत मी.”

मला कुठं माहीत होतं याचा दवाखाना असतो म्हणून? मी आपांकडं गेले. आपांनी शिलाई मशीन थांबवली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, “बीमारी है ये, बेटी. इसकी दवा मिलती.” त्यांच्या सख्ख्या भावानं घेतली होती. दुसऱ्या दिवशी त्याच आम्हाला सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. मानसोपचाराची पाटी वाचून यांचे पाय अडखळले. आपांनी यांचा दंड धरला आणि आत ढकललं.

डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या. त्यांनी एकदाही ‘का पिता’ असं विचारलं नाही. कधी पिता, किती पिता, सकाळी हात कापतात का, फिट आली होती का, हे विचारलं. मग सांगितलं की रोज पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम सोडणं धोक्याचं असतं, म्हणून आधी काही दिवस इथंच राहायचं. ते दिवस जड गेले. घाम, उलट्या, झोप नाही. मी पुडीची गोष्ट सांगितली तेव्हा बाईंचा चेहरा पहिल्यांदा कडक झाला. माणसाला न सांगता असलं काही देऊ नका, जीव जाऊ शकतो, म्हणाल्या. रक्त तपासलं, यकृत ठीक आहे म्हणाल्या, दुखण्याच्या कुठल्या गोळ्या चालू आहेत ते खोदून विचारलं आणि मगच नाल्ट्रेक्सोनची गोळी लिहून दिली.

“ह्यानं दारू सुटंल का?” यांनी विचारलं.

बाई म्हणाल्या, “गोळी दारू सोडवत नाही. दारूची ओढ कमी करते, आणि प्यालात तरी ती मजा येऊ देत नाही. सोडायचं काम तुमचं. पण आता ते जरा सोपं होईल.”

सुरुवातीला यांना मळमळायचं, डोकं धरायचं. मग ते थांबलं. दुसऱ्या एका मेसमध्ये काम लागलं. बाईंनी सांगितलं होतं की ओढ बहुतेक रिकाम्या पोटी, दिवेलागणीला येते, तेव्हा काहीतरी खायला द्या. म्हणून मी रोज त्या वेळेला सुशीला करायचे, भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा, दाण्याचं कूट नि हिरवी मिरची घालून. यांनी आयुष्यभर गावाला जेवू घातलं. यांना कुणी बसवून खाऊ घालत नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

आणि मग तो दिवस. मेसच्या कामगारांबरोबर हे गेले आणि प्यायला बसले. मेसमधल्या एका पोरानं सांगितल्यानं मला ते दुपारीच कळलं होतं. मी काही केलं नाही, नुसती कपड्यांच्या घड्या घालत बसले. उजेड असतानाच हे परत आले. दारात उभे राहिले, एखादी वस्तू हरवल्यासारखा चेहरा करून.

“अर्धा गिलास तसाच ठिवून आलो,” म्हणाले.

“म्हणजे?”

“चव लागंना गेली. पाणीच पितोय असं वाटलं. मग म्हणलं, कशाला बसलोय मी हितं?”

मी हसायला लागले. थांबताच येईना. आपा धावत आल्या, काय झालं म्हणून. मी सांगितलं तर त्याही पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, आणि मग हेही हसले. इतक्या वर्षांत यांनी कधी थेंब मागं ठेवला नव्हता.

सगळं सरळ झालं असं नाही. दिवाळीच्या आसपास यांना वाटलं, आपण बरे झालो. गोळ्या बंद केल्या, न सांगता. पंधरवड्यात पुन्हा बाटली आली. मी पिशवी भरायला घेतली होती. पण हे स्वतःच दवाखान्यात गेले आणि बाईंना सगळं सांगून आले. बाई रागावल्या नाहीत, म्हणून यांनाच आश्चर्य. घसरणं धरूनच चालायचं असतं, पण परत यायला उशीर करायचा नाही, एवढंच त्या म्हणाल्या. तपासण्या होऊन गोळी पुन्हा सुरू झाली. त्यानंतर आजवर यांनी थेंब घेतलेला नाही.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता, आणि पुढच्या वर्षी माझ्या नणंदेचं, शोभाचं लग्न ठरलं, जळकोटला. यांनी फोनवर सांगितलं की सैपाक मी करणार. थोरले दीर हो म्हणाले. आम्ही पोचलो तर मांडवात दुसरा आचारी आधीच चूल मांडून बसलेला. दीर मान खाली घालून उभे. मला वाटलं, आता हे वळतील आणि सरळ मांडवामागं जातील, तिथं यांचे चुलतभाऊ बाटली घेऊन बसलेच होते. हे त्या आचाऱ्याजवळ गेले, त्याचं नाव विचारलं, त्याला म्हणाले, भाजी तुझी, हुग्गी माझी. आणि बाह्या वर केल्या.

मांडवामागून हाका येत होत्या. हे उठले, खिशातनं गोळी काढली आणि भर मांडवात, सगळ्यांदेखत म्हणाले, “अव्वा, पाणी दे.”

“कशाची रं गोळी?” अव्वांनी विचारलं.

“दारूची ओढ लागू नये म्हणून घेतो.”

भाजी चिरणाऱ्यांचे हात थांबले. अव्वा तांब्या घेऊन तशाच उभ्या. त्या घरात तो शब्द इतक्या मोठ्यानं कुणी उच्चारला नव्हता.

“मी बीपीची घेते तसली?”

“तसलीच.”

अव्वांनी तांब्या पुढं केला. यांनी गोळी गिळेपर्यंत त्या तिथंच थांबल्या, मग यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मोठ्यानं म्हणाल्या, “गूळ आण रं कुणीतरी. माझ्या पोराची हुग्गी राहून चालली.”

काय पंगत झाली ती. माझे वडील दुसऱ्यांदा बसले. उठताना यांच्या पाठीवर थाप मारली. थोरले दीर शेवटच्या पंगतीपर्यंत स्वतः वाढत फिरत होते. आणि हात धुवायच्या जागी तुम्ही बाया एकेक करून माझ्याजवळ आलात, कुणी भावासाठी, कुणी नवऱ्यासाठी, हळूच विचारलंत, कुठला दवाखाना, कसली गोळी. त्या गर्दीत नीट सांगता आलं नाही, म्हणून हे लिहिलं. गोळी दुसऱ्याची घेऊ नका, दुकानातनं परस्पर आणू नका, लपवून तर मुळीच देऊ नका. डॉक्टरकडं जा. नांदेडला आलात तर मी बरोबर येते, आपा येतात.

आता आमची स्वतःची मेस आहे. अव्वा उन्हाळ्यात येऊन राहतात आणि नीटच्या पोरांना दमदाटी करून पोळ्या वाढतात. बाईंनी यांची गोळी हळूहळू बंद केली, तपासणीला मात्र हे जातात. तुम्ही विचारता, परत घरी कधी येणार? जळकोट माझं गाव आहे, ते कुठं जात नाही. पण कितीतरी वर्षं मी संध्याकाळ झाली की पावलांच्या आवाजावर कान लावून बसायचे, पाऊल सरळ पडतंय की वाकडं. परवा मी आपांबरोबर मालिका बघत बसले होते. संपल्यावर उठून चहा करावा म्हणून आत गेले, तर हे कधीचे येऊन, हातपाय धुऊन, पेपर वाचत बसलेले. कधी आले ते मला कळलंच नव्हतं.