पुतळाचं इंग्रजी पुस्तक

मनकर्णाबाई सांडू आमच्या पडेगावच्या शाळेत बदलून आल्या, तेव्हा पहिलीपासून इंग्रजी सुरू होऊन तीनेक वर्षं झाली होती. मी त्यांच्या शेजारच्या वर्गावर होते. शाळेचं वाचनालय म्हणजे ऑफिसातलं एक लोखंडी कपाट. त्यात कुणीतरी भेट दिलेली चाळीसेक इंग्रजी पुस्तकं होती, गुळगुळीत कागदाची. सगळीकडे बर्फ, अस्वलं आणि लाल टोप्यांची मुलं. पोरं चित्रं बघायची आणि परत ठेवायची.

एक दिवस बाईंनी कपाट उघडून चौथीच्या पोरांना विचारलं, "यात आपल्यातलं कुणी आहे का?"

"नाय."

"मग आपणच लिहू की!"

बाई लासूर स्टेशनच्या. वडील पुंजाराम तिथल्या बाजार समितीत हमाली करायचे. इंग्रजी घेऊन एम.ए. करायचं बाईंच्या फार मनात होतं. डी.एड. झालं, नोकरी लागली, लग्न झालं, आणि ते राहूनच गेलं. त्यांचं इंग्रजी काही साहेबी नव्हतं. पोरांसमोर त्या मोकळेपणानं सांगायच्या, "मला अडलं की मी डिक्शनरी बघते. तुम्हीही बघा."

पुस्तक करायची रीत साधी होती. पोरानं आधी मराठीत सांगायचं, मग येईल तेवढं इंग्रजीत लिहायचं. शब्द अडला तर मराठी शब्द तसाच ठेवायचा. बाई पाठकोरे कागद दाभणानं शिवायच्या आणि वर जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा लावायच्या. बन्सी नावाच्या पोरानं लिहिलं, की वडिलांची रिक्षा रोज क्रांती चौकातच बंद पडते. चार पानं नुसतं तेवढंच. पोरांनी ते इतकं वाचलं, की पुठ्ठा दोनदा बदलावा लागला.

त्या हिवाळ्यात पुतळा आली. तिचे वडील आप्पा मेंढ्या घेऊन गावोगाव फिरायचे. दौलताबाद रस्त्याकडच्या शेतांत खतासाठी मेंढ्या बसवायला त्यांनी तळ टाकला होता. पुतळाला आई नव्हती. दहा-अकरा वर्षांची पोर, एबीसीडी कशीबशी यायची. शाळा सुटली, की बाईंजवळ बसून राहायची.

"बाई, मेंढीला शीप म्हणत्यात. मग लई मेंढ्यांला?"

"तेही शीपच."

"एक बी शीप अन् शंभर बी शीप? मग एखादी हरवली तर कळंल कसं?"

बाईंनी तिच्यापुढं कोरा कागद सरकवला. "तू नाव लिही तिचं," त्या म्हणाल्या.

पुतळानं लिहिलं. 'धिस इज काजळी. काजळी इज माय शीप. शी गोज फर्स्ट. माय फादर इज नॉट अँग्री.' पुढच्या तीन पानांवर एकच वाक्य होतं, 'वी गो.' आणि शेवटी, 'टुडे वी आर इन पडेगाव.' सात पानांना तिला तीन महिने लागले.

होळीच्या आधी एका सकाळी ती शाळेच्या दारात उभी राहिली. "बाई, आमी निघालो. माझं पुस्तक देता?"

बाई घुटमळल्या. मग म्हणाल्या, "ते आता वाचनालयाचं झालं गं. इथंच असू दे. पुढच्या साली येशील तेव्हा वाच."

पुतळानं मान हलवली आणि पळत गेली.

त्या दिवशी बाईंनी डबा अर्ध्यावरच झाकला. मला म्हणाल्या, "दिलं असतं तर काय बिघडलं असतं? मला वाटलं, पुस्तक इथं असलं म्हणजे ती येईल."

पुढच्या साली त्या शेतांत प्लॉटिंगचे दगड रोवले गेले. मेंढ्या बसवायला जागाच उरली नाही. रस्त्यावर घुंगरांचा आवाज आला, की बाई फळ्याजवळून दारापर्यंत यायच्या. कळप दुसऱ्याच कुणाचा असायचा. अशी वर्षामागून वर्षं गेली.

आठव्या हिवाळ्यात बाई माहेरी गेल्या होत्या. लासूर स्टेशनबाहेर मेंढ्यांचे तळ पडलेत असं कळलं, तशा त्या पिशवीत बरोबर ठेवलेलं पुतळाचं पुस्तक घेऊन निघाल्या. तिसऱ्या तळावर आप्पा भेटले.

"पडेगावच्या बाई व्हय? या, बसा."

"पुतळा कुठंय?"

"दिली की औंदा. नगरकडं."

"फोन लागेल का तिला?"

"कुठला लागतोय! ते बी फिरस्तेच."

मग आप्पांनीच विचारलं, "ते काय आणलंय?"

बाईंनी पुस्तक वाचून दाखवलं. एकेक ओळ इंग्रजीत वाचायची आणि मराठीत सांगायची. 'माझे वडील रागीट नाहीत' ही ओळ आली तसे आप्पा हसले. मग तोंड फिरवून मेंढ्यांकडे बघत राहिले.

"खोटं लिवलंय तिनं. शाळंत बसून ऱ्हायली की लई वरडायचो मी."

"हे तिला पोचवा," बाई म्हणाल्या. "मी तेव्हाच द्यायला हवं होतं."

आप्पांनी हात धोतराला पुसले, पानं उलटली, एका पानावर बोट ठेवून विचारलं, "हे तिचं नाव का?" बाईंनी हो म्हटल्यावर पुस्तक परत त्यांच्या हातात दिलं.

"आमच्यात भिजंल ते. आमचं काय एका जागी ऱ्हातंय? तिचं नाव तरी ऱ्हाऊ द्या."

बाईंनी आपला नंबर कागदावर लिहून दिला. आप्पांनी तो घडी करून खिशात ठेवला. फोन काही आला नाही.

बाईंना निवृत्त होऊन आता चार-पाच वर्षं झाली. परवा आम्ही दोघी रिक्षानं दौलताबादकडं निघालो होतो, तर रस्त्यात कळप आडवा आला. बाई रिक्षा थांबवून खाली उतरल्या आणि सामान लादलेल्या घोड्याबरोबर चालणाऱ्या एका बाईला विचारू लागल्या, "तुमच्यात पुतळा म्हणून कुणी आहे का हो?"

"चार हायेत," ती म्हणाली. "कुणाची पुतळा पायजे तुमाला?"

सासरचं नाव बाईंना ठाऊक नव्हतं. "आप्पांची," त्या म्हणाल्या.

"कोन आप्पा?" असं विचारत ती बाई चालतच राहिली, कारण मेंढ्या पुढं निघाल्या होत्या.