पिंगळीचा मोकळा फलाट

चतुराबाई उभी दिसली की घरात प्रत्येकाला काहीतरी आठवायचं. "उठलीसच तर पाणी दे," नवरा, माणिकराव म्हणायचे. "आत्या, तिकडं चाललातच तर गॅस बारीक करा," सून म्हणायची. उभ्या जन्मात चालणं कमी झालं नव्हतं, पण प्रत्येक पावलाच्या टोकाला काम बांधलेलं.

एकदा लेकीला गाडीत बसवायला ती पिंगळी स्टेशनावर आली आणि गाडी गेल्यावर तिथंच रेंगाळली. लांबच लांब फलाट, दोन्ही अंगाला काळी रानं, पदर उडवणारं वारं, आणि कुणी काही मागत नव्हतं. ती या टोकापासून त्या टोकाला गेली. परत आली. पुन्हा गेली. मग रोज संध्याकाळी पाय आपोआप तिकडंच वळायला लागले.

पंचाईत एवढीच, की रिकाम्या हातानं स्टेशनावर येणारी बाई लोकांच्या डोक्यात बसत नाही. फलाटावर शेंगा विकणाऱ्या बायनाबाईनं विचारलं, तेव्हा हिच्या तोंडून निघून गेलं, "पाव्हणे येणार हायेत."

आठवडा झाला तरी पाव्हण्यांचा पत्ता नाही. बायनाबाईनं बाजारात माणिकरावांनाच गाठलं. "भावजी, तुमचे पाव्हणे लय लांबून यायलेत वाटतं!"

माणिकराव तापून घरी आले. "लोक म्हणतेत, बायको रुसून माहेरची गाडी बघायली! चालायचंच हाय तर गच्चीवर चाल की."

चतुराबाई गच्चीवर गेली. दुसऱ्याच फेरीला खालून सुनेची हाक आली, "आत्या, वर गेलातच तर मिरच्या हलवा."

मिरच्या हलवून ती खाली आली आणि तिनं चपला घातल्या.

"कुठं?" माणिकरावांनी विचारलं.

"स्टेशनावर. संध्याकाळचा तेवढा वेळ माझा. चहा पातेल्यात हाय, गरम करून घ्या."

"आन् लोकांनी इचारलं तर?"

"मी सांगते की. मला काय तोंड न्हाई?"

फलाटावर बायनाबाई वाटच बघत होती. "आज तरी येणार का पाव्हणे?"

"कुणी येणार न्हाई, बाई. मी नुसती चालायला येते."

"नुसती?"

"नुसती."

बायनाबाईनं तिच्या मोकळ्या हातांकडं पाहिलं. मग गाडीला अजून वेळ होता म्हणून टोपल्यावर फडका टाकला आणि गुडघ्यावर हात देत उठली. "थांब, मी बी येते."

"ये. पन बोलायचं न्हाई."

फलाटावरच्या पहिल्या कडुलिंबापर्यंत बायनाबाईला ते जमलं.