सरड्याच्या तोंडी तंबाखू

देड्झाच्या डोंगराखालच्या शाळेत लेस्टिना काचिंग्वेबाई दुसरीचा वर्ग आंब्याखाली भरवीत. मुले शंभरावर, वाचनाचे पुस्तक मात्र वर्षानुवर्षे एकच. मुलांना ते इतके मुखोद्गत झाले होते की, पुस्तक उलटे धरूनही ती घडाघडा म्हणत. तपासनीस मान डोलवून निघून जात. बाईंचे समाधान मात्र केव्हाच आटले होते. निवृत्ती जवळ आली होती, गुडघे कुरकुरत होते, आणि आपण वाचन शिकवले की पाठांतर, हा प्रश्न खडूच्या धुळीसारखा घशाशी बसला होता.

यंदा चिचेवा या मुलांच्या घरच्या भाषेत छापलेल्या चित्रमय पुस्तकांची पेटी आली. त्यांत नाना देशांची मुले होती: बर्फात खेळणारी, नावेत राहणारी, चाकांच्या खुर्चीतून शाळेत जाणारी, मक्याची राखण करणारी. ही पुस्तके कोणालाच पाठ नव्हती. त्यामुळे प्रथम सारा वर्ग मुका झाला. मग झिओने नावाच्या मुलीने अक्षरांवर बोट ठेवून, अडखळत, एक ओळ लावली. ती तिला कोणीही सांगितलेली नव्हती. बाईंनी ते पुस्तक तिला घरी नेऊ दिले.

त्यानंतर झिओने शाळेत आली नाही. पुस्तकात रंग बदलणारा सरडा होता.

गावात जुनी गोष्ट सांगत: माणूस मरणार नाही, हा देवाचा निरोप सरड्याने आणायचा होता. तो रेंगाळला, आणि मरणाचा निरोप घेऊन पाल आधी पोहोचली. तेव्हापासून सरडा दिसला की त्याच्या तोंडात तंबाखू घालून त्याला मारतात. बाईही त्याच गावात वाढल्या होत्या. ते पान त्यांनी वर्गात कधी उघडले नव्हते.

शाळा सुटल्यावर त्या झिओनेच्या आजीकडे, नाम्बेवेकडे, चालत गेल्या.

"ओदी," अशी आत येण्याची परवानगी मागून त्या अंगणाबाहेर थांबल्या.

"या, मॅडम. आधी मरण घरी धाडलंत, आता मागोमाग आपणही आलात?" म्हातारी शेंगा सोलत होती. पुस्तक अंगणाच्या कडेला, उपड्या मडक्याखाली होते, मडक्यावर दगड.

"आगोगो, अहो आजी, ते नुसतं चित्र आहे."

"मग ठेवा त्याच्या डोळ्यावर बोट."

बाईंनी पुस्तक काढून पान उघडले. बोट कडेशीच अडले.

"बघा," म्हातारी म्हणाली, "शिकलेलं बोटसुद्धा भितं."

"भितं. पण आगोगो, एवढ्या पोरांत ही एकटी खरं वाचायला लागलीय. घरी बसली तर विसरेल. पुन्हा पहिल्यापासून शिकवायला माझ्यात आता बळ नाही."

म्हातारीने शेंगा बाजूला सारल्या. मग तिने कमरेच्या गाठीतली तंबाखू काढली, थुंकीत भिजवली, आणि चित्रातल्या सरड्याच्या तोंडावर अंगठ्याने नीट चोळली. कागद तपकिरी झाला. पुस्तके स्वच्छ परत करावीत, अशी मुख्याध्यापकांची सक्त ताकीद होती. बाईंनी तरीही पान धरून ठेवले.

"मेला," म्हातारी म्हणाली. "झिओने, ये गं. वाच आता."

मुलगी आली. ओल्या डागाला वळसा घालून तिचे बोट ओळीवरून सरकू लागले. बाई भिंतीला टेकल्या. परतीची वाट लांब होती, तरी त्या उठल्या नाहीत.

"उद्या येईल ती," म्हातारी म्हणाली. "त्या पेटीत घुबडही आहे का, मॅडम?"

"आहे."

"मग तुम्हालाच काही सुचतं का बघा. घुबड काही तंबाखूनं मरत नाही."