शैलाताईला दादाने सांगितलं होतं, "निगेटिव्ह आहे"

माझी ताई कॅन्सरने गेली, असं आम्ही सगळ्यांना सांगत आलो.
ते खरं नाही.

आज तिला जाऊन दोन वर्षं झाली. मागच्या वर्षी याच दिवशी मी तिचा फोटो टाकून दोन ओळी लिहिल्या होत्या. तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं.

तुमच्यापैकी बऱ्याच जणी तिला ओळखता. मनवेलपाड्यातली पार्लरवाली शैलाताई. आपल्या गल्लीतल्या निम्म्या नवऱ्या तिच्याच हातून सजून बोहल्यावर चढल्या.
स्वतः लग्न केलं नाही. आई-बाबा गेल्यावर ती आणि मी, दोघीच राहायचो.

तिला लिम्फोमा झाला. रक्ताच्या कॅन्सरचाच एक प्रकार. केमो झाली, केस गेले, आणि ही बाई आरशात बघून म्हणाली, "मंजू, आयब्रोचा खर्च वाचला गं."
केमोनंतर रिपोर्ट चांगले आले. पण इंजेक्शन चालू होतं.

मुंबईच्या डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून समजावलं होतं. हे औषध वाईट पेशींबरोबर चांगल्याही मारतं. अँटिबॉडी बनवणाऱ्याच पेशी कमी, म्हणून लस घेऊनही तिचा पुरेसा उपयोग होईलच असं नाही. त्यात तुम्हाला डायबिटीस.
"बाकीच्यांना आता कोरोना म्हणजे सर्दी वाटेल. तुम्ही तसं समजू नका. ताप आला तर त्याच दिवशी मला फोन."

ताईने घरी येऊन सगळ्यांना तिच्या भाषेत सांगितलं, "माझ्या अंगातले वॉचमन सुट्टीवर गेलेत. बेल वाजवल्याशिवाय कोणी यायचं नाही."
दादा तेव्हा समोरच बसला होता. आमचा सख्खा मोठा भाऊ. हसला होता.

मग दादाच्या मुलीचा, ऋतुजाचा साखरपुडा ठरला. जूचंद्रला, त्यांच्या घराजवळच्या हॉलमध्ये.
ऋतुजा म्हणाली, "आत्या, मेकअप तूच करायचा. नाहीतर मी तशीच बसते."

ताईचा जीव होता तिच्यावर. पण तिने अट घातली. घरातल्या सगळ्यांनी आदल्या दिवशी टेस्ट करायची.

फोन स्पीकरवर होता. मी बाजूला कोथिंबीर निवडत होते.
"दादा, टेस्ट केली ना?"
"केली गं."
"ऋतूचा घसा खवखवत होता म्हणालास."
"बोलून बोलून बसलाय. तिची पण केली. निगेटिव्ह. तू बिनधास्त ये."

ताई गेली. मास्क लावून गेली.
पण जिचा मेकअप करायचा, ती कसा मास्क लावणार? ताई तिच्या चेहऱ्याजवळ चेहरा नेऊन बसली होती. काजळ, लायनर, लिपस्टिक. ऋतुजा मधेमधे खोकत होती, आणि ताई म्हणत होती, "हलू नको गं, वेडे."

थोड्या दिवसांनी ताईला ताप आला. घरी टेस्ट केली, निगेटिव्ह आली. मुंबईच्या डॉक्टरांना फोन लावला, ते म्हणाले, "एक टेस्ट पुरेशी नाही. तिकडे कोणी आजारी होतं का, आधी विचारा."
मी लगेच दादाला फोन केला.

"दादा, खरं सांग. तिकडे कोणाला काही झालं होतं का?"
"नाही गं. सगळे ठणठणीत. दगदग झाली असेल तिला."

मी डॉक्टरांना तेच सांगितलं. तरी ते म्हणाले, उद्या लॅबची टेस्ट करा. ताई म्हणाली, "ताप उतरतोय, एक दिवस थांबू." दादाचा शब्द होता, म्हणून मीही जोर केला नाही. एकाचे दोन दिवस झाले.
मग ती जिना चढताना मधेच खाली बसली.

अॅडमिट केल्यावर रिपोर्ट पॉझिटिव्ह. डॉक्टर एवढंच म्हणाले, "औषध सुरुवातीलाच पोचलं असतं तर निदान संधी तरी होती."

ऑक्सिजनच्या मास्कमधून ती मला सांगत होती, "दादाला सांगू नको किती बिघडलंय ते. आणि ऋतूच्या सासरी तर अजिबात नको. नव्या नवरीला लोक नावं ठेवतात."

ताई वाचली नाही. तिच्या शब्दाखातर आम्ही सगळ्यांना कॅन्सरच सांगितलं.
अग्नी दादाने दिला. हुंदके देऊन रडला. मीच त्याला पाणी दिलं.

गेल्या महिन्यात ऋतुजा माझ्याकडे आली. दारातच रडायला लागली. तिच्या आई-बाबांचं भांडण झालं होतं, त्यात वहिनी बोलून गेली होती.
"आत्या, माझी टेस्ट पॉझिटिव्ह होती. बाबांनी किट कचऱ्यात टाकलं आणि मला सांगितलं निगेटिव्ह आहे. मला माहीत असतं तर मी तिला जवळ येऊ दिलं असतं का?"

मी जूचंद्रला गेले. दादाने नाकारलं नाही.
"हॉल बुक होता. मुलाकडचे काय म्हणाले असते? आणि मला वाटलं, आता काय, साधी सर्दीच. मास्क होता ना तिला."
"आणि मी ताप आल्यावर फोन केला तेव्हा?"
त्याने वहिनीकडे बघितलं.
वहिनी म्हणाली, "चहा ठेवू का?"

साखरपुड्याआधीचं खोटं मी एक वेळ समजू शकते. मुलीचा बाप होता, घाबरला असेल.
पण दुसऱ्यांदा? तेव्हा साखरपुडा होऊन गेला होता. मुलगी बरी झाली होती. फक्त "हो" म्हणायचं होतं.
ताईसाठी तो तेवढंही बोलला नाही. स्वतःची कातडी वाचवली.

काका, आत्या, सगळ्यांचे फोन आले. घरातलं घरात ठेव. गेलेलं माणूस परत येणार आहे का?
नाही येणार. म्हणूनच लिहितेय.

दादा, तू हे वाचशील. मला फोन करू नकोस.

आणि बाकीच्यांना हात जोडून विनंती. तुमच्या घरी, शेजारी कोणाची केमो चालू असेल, तर साधा घसा दुखत असला तरी त्यांना खरं सांगा. जायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या.

ताई, तू भावावर विश्वास ठेवून गेलीस. तो खोटं बोलला हे तुला कळलंच नाही. बरं झालं की वाईट, मला अजून ठरवता येत नाही.

ऋतूला मी सांभाळून घेईन. तिची काही चूक नाही.
तू शांत झोप. तुझ्या मंजूचा तुला शेवटचा नमस्कार.