दिवाकर वाचतात, नीलेश लिहितो

कल्पना करा, आकडे कोरलेली काचेची बारीक नळी तुमच्या डोळ्यांसमोर आहे. तोटी हलकेच फिरवायची, एकेक थेंब सोडायचा. खालच्या बाटलीतलं निळंशार पाणी एका थेंबासरशी नितळ होतं. तिथंच हात थांबला, तर ब्लीचिंग पावडरीत क्लोरीन किती आहे ते कळतं: नळीतले जितके जास्त मिली लागले, तितका क्लोरीन जास्त.

भनपुरीच्या कारखान्यात दिवाकर वैरागडे सव्वीस वर्षं हेच काम करतात. ही पावडर गावोगावच्या पाण्याच्या टाक्यांत जाते, दवाखान्यांत जाते, कापड गिरण्यांत जाते. “आपला माल चांगला असला की तो कोणाले आठवतही नाही,” असं ते मोठ्या अभिमानानं सांगत.

त्यांचा एक नियम होता. नळी वाचणाऱ्यानं लिहायचं नाही, कारण हवा तो आकडा डोळ्यांना आपोआप दिसू लागतो. आणि लिहिणाऱ्यानं डोकं न चालवता कानावर पडेल तेच लिहायचं. म्हणून दिवाकर मोठ्यानं आकडा सांगत आणि त्यांच्या हाताखालचा नीलेश रजिस्टरात लिही. अकरा वर्षं असंच चाललं. नीलेशला हे काम त्यांनीच शिकवलेलं. संध्याकाळी पानाखाली सही करताना ते आकडे पुन्हा वाचत नसत. आपल्याच माणसाचं काय तपासायचं?

मागच्या मंगळवारी एका गावातून पोती परत आली. पावडर टाकूनही पाणी शुद्ध होत नव्हतं, चाळीस माणसं जुलाबानं आडवी झाली होती. दिवाकरांनी त्या मालाचं पान काढलं. सतरा मिली, तेहतीस टक्के. खाली त्यांची सही. त्यांना पक्कं आठवत होतं, आकडा चौदा आला होता. कमी भरला म्हणून त्यांनी तो दोनदा सांगितला होता, आणि माल थांबेल असं धरून डबा खायला गेले होते.

“नीलेश, मी चौदा म्हटलं होतं. तू सतरा काहून लिहिलं?”

नीलेशनं मान वर केली नाही. “काका, ट्रक गेटवर उभा होता. साहेब म्हणे, थोड्याशा फरकानं काय होते?”

“मले सांगायचं तरी.”

“सांगितलं असतं तर तुम्ही सही केली असती का?” मग हलकंसं हसून तो म्हणाला, “अन् तुम्हीच तं शिकवलं, लिहिणाऱ्यानं डोकं चालवायचं नाही.”

दिवाकरांनी कपाटातली जुनी रजिस्टरं टेबलावर आणून ठेवली. पानापानावर नीलेशचं टपोरं अक्षर आणि खाली त्यांची सही. खरा सतरा आणि खोटा सतरा अगदी सारखेच दिसत होते. गावाला जे सांगायचं ते दिवाकर स्वतः सांगतील, नोकरी जायची तर जाईल. त्याआधी त्यांना फक्त एक उत्तर हवं होतं.

“पहिला खोटा आकडा तू कोणत्या दिवशी लिहिला, नीलेश?”