दादाकडून सप्रेम भेट

हसणार असाल तर आधीच सांगा, म्हणजे मी तोंडच उघडत नाही. आणि चहात साखर कमी आहे, तेही एकदाचं बोलून टाकतो, कारण आज माझं डोकं तसंही ठिकाणावर नाही. गोष्ट गेल्याच महिन्यातली. गाढवपणा सर्वस्वी माझा. आणि तो मी ग्वाल्हेरच्या तमाम मराठी मंडळींसमोर केला, फोटोसकट.

छत्तीस वर्षं बातमीदारी केली मी. नळाच्या पाण्यापासून विधानसभेपर्यंत सगळ्यांशी भांडलो. निवृत्त झालो आणि एकाएकी भांडायला कुणी उरलंच नाही. उरली फक्त बायको, पण तिला वेळ कुठे होता?

शैलाला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, भंगाराचा नाद लागला होता. दर रविवारी सकाळी हजीऱ्याला जुन्या सामानाचा बाजार भरतो. तिथून ती बूड गेलेली तपेली, कान तुटलेल्या पराती, शिलाई मशीनची चाकं असलं काय काय उचलून आणायची आणि त्याचे दिवे, घड्याळं, कुंड्या करायची. आमच्या घरात कशावरही बसण्याआधी ती वस्तू पूर्वी काय होती हे विचारावं लागतं. माझ्या ज्या टेपरेकॉर्डरमध्ये तीन मंत्र्यांची खोटी आश्वासनं जपून ठेवली होती, त्यात आता मनीप्लांट आहे. दुपारी जरा पडावं, तर तिचं ड्रिल मशीन सुरू. दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत आडवा झाल्यासारखं वाटतं. सांगा, या वयात माणसानं रागवायचं नाही तर काय करायचं?

तर आमच्या मराठी मंडळात बायकांच्या हस्तकलेचं प्रदर्शन होतं, रविवारी. शनिवारी दुपारी शैला टेबलं मांडायला गेली. मी चष्मा शोधत तिच्या कामाच्या खोलीत शिरलो. तिथे जुन्या साडीखाली काहीतरी झाकून ठेवलेलं. झाकलेलं दिसलं की उघडायचं, ही माझी धंद्याची खोड. उघडलं.

पितळेची कळशी. घासून चकचकीत केलेली, अंगभर बारीक भोकांची वेलबुट्टी, आत बल्ब. दिवा म्हणून बघाल तर देखणा होता, खोटं कशाला बोलू. पण माझी नजर गेली गळ्याखाली. तिथे ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं होतं, पूर्वी लग्नाच्या भांड्यांवर घालायचे तसं. ‘चि. सौ. कां. मंदाकिनी’. पुढची अक्षरं वेलबुट्टीत गेलेली. मग खाली स्वच्छ, ठसठशीत: ‘दादाकडून सप्रेम भेट’.

मंदाकिनी माझी बहीण. दादा मी.

तिच्या लग्नात मी पहिल्या पगारातून तिला पितळेची कळशी दिली होती, नाव घालून. ही गोष्ट तुम्ही ऐकली असेलच, दर भाऊबीजेला मी सांगतो. न ऐकलेला माणूस आमच्या नात्यात तरी नाही. आणि ती कळशी हजीऱ्याच्या फुटपाथवर? जोड्यांच्या नि गंजक्या कुलपांच्या शेजारी? माझे कान तापले.

मंदा विकणार नाही, ही खात्री. ती जुना कॅलेंडरचा कागदसुद्धा टाकत नाही. म्हणजे तिची सून. याला आम्ही निष्कर्ष म्हणतो. पुरावा हाताशी नसला की निष्कर्ष फार चटकन निघतो.

आता ही सून कोण, ते ऐका. रितू. भिंडकडची, हिंदी घरातली, शाळेत गणित शिकवते. लग्न होऊन तीन वर्षं झाली. पहिल्या वर्षी हळदीकुंकवाला गेली तर बायका तिच्याशी हिंदीत दोन वाक्यं बोलायच्या आणि पाठ फिरवून मराठीत सुरू व्हायच्या. ती मुलगी रडत बसली नाही. ती मराठी शिकली. आणि यंदा पहिल्यांदा मंडळानं तिला प्रदर्शनाचं सूत्रसंचालन दिलं होतं. महिनाभर ती मंदासमोर उभी राहून ‘उपस्थित रसिकहो’ घोकत होती. हे सगळं मला माहीत होतं. रागाच्या भरात माहीत असलेलं आठवत नाही, एवढंच.

मी फोटो काढला. आमच्या मंडळाचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, त्यावर टाकला, आणि खाली लिहिलं: ‘पहिल्या पगारातून बहिणीला दिलेली ही कळशी भंगारबाजारात सापडली. घरची भांडी मोडीत काढणाऱ्या सुनांना लाज कशी वाटत नाही?’

काय खणखणीत उतरलं होतं! दोनदा वाचलं मी ते.

पाच मिनिटांत ग्रुप पेटला. रागाच्या लाल चेहऱ्यांची रांग लागली. एकानं लिहिलं, आजकालच्या सुना अशाच. दुसऱ्यानं लिहिलं, बाहेरची मुलगी आणली की हेच व्हायचं. आणि त्याला मी पसंतीचा अंगठा दिला. हो, मी. ज्यानं जन्मभर लोकांना निःपक्षपातीपणाचे धडे दिले, त्यानं.

मग कळशी साडीत गुंडाळली, स्कूटरवर पायांमध्ये ठेवली आणि इंदरगंजला मंदाकडे निघालो. चौकात सिग्नलला शेजारचा रिक्षावाला म्हणाला, “बाबूजी, दीये में से तार लटक रहा है.” मी त्याच्याकडेही रागानं बघितलं.

मंदाच्या घरी दार रितूनं उघडलं. एरवी वाकून नमस्कार करते. त्या दिवशी नुसती बाजूला झाली. मी चहा नको म्हटलं, पाणी नको म्हटलं, कळशी टीपॉयवर आदळली आणि विचारलं, हे काय आहे.

“कळशी आहे, मामाजी.” मराठीत. अगदी शांत.

मी म्हटलं, मला ठाऊक आहे कळशी आहे, बाजारात कशी गेली ते सांग. तिनं तिचा फोन माझ्यासमोर ठेवला. माझा मजकूर उघडाच होता. म्हणाली, तुमच्या या लिहिण्यानंतर तिला अकरा फोन आले. अकरावा मंडळाच्या चिटणीस बाईंचा होता. वातावरण ठीक नाही, उद्या माइक दुसऱ्या कुणाला देऊ, तू मन लहान करू नकोस.

“मामाजी, छापने से पहले आपने एक बार पूछा?” आता ती हिंदीत आली होती. “और ये ‘बाहर की लड़की’ वाली बात पर जो अंगूठा है, वो आपका ही है ना?”

छत्तीस वर्षं मी हाच प्रश्न लोकांना विचारत आलो. सही तुमचीच आहे ना? तो विचारला गेल्यावर समोरचा माणूस छताकडे का बघतो, ते मला त्या दिवशी कळलं. छताला एक पाल होती.

तेवढ्यात मंदा देवघरातून आली. हात पुसत. कळशी उचलली, फिरवून फिरवून बघितली, नाव वाचलं आणि खाली बसली. मला वाटलं, आता सुनेवर पांघरूण घालणार. मी म्हटलंसुद्धा, मंदे, तू मध्ये पडू नकोस.

“दादा,” ती म्हणाली, “तू मला कळशी दिलीच नव्हतीस.”

मी हसलो. खरंच हसलो. मग काय दिलं होतं मी?

“काही नाही.”

आणि तिनं सांगितलं. आवाज न चढवता, भाजी निवडावी तसं. लग्नाला एक मंत्री आशीर्वाद द्यायला आले होते. मी मांडवाच्या तोंडाशी त्यांना गाठलं, वही काढली आणि मुलाखत पुरी करायला त्यांच्याच गाडीत बसून निघून गेलो. अक्षतासुद्धा टाकल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आईला सांगितलं, मंदाला पितळेची कळशी द्यायची आहे, नाव घालून, पुढच्या महिन्यात. आई आठवण करत राहिली. पुढचा महिना काही आला नाही. मग कधीतरी एका भाऊबीजेला मी चारचौघांत म्हणालो, कळशी दिली होती ना तुला. लोक वाहवा म्हणाले.

“सगळ्यांसमोर नाही कसं म्हणू? तुला इतका आनंद झाला होता.”

तिच्या सासूबाई विचारायच्या, तुझ्या दादाची ती कळशी कुठे गं? मंदा सांगायची, कल्हईला दिली आहे. सासूबाई गेल्या तरी कळशी कल्हईलाच होती.

माझा विश्वास बसेना. मला ते दुकान आठवत होतं. नाव घालणाऱ्या माणसाचे पिवळे पडलेले दात आठवत होते. ते सगळं मी इतक्या वेळा सांगितलं होतं की मीच त्याचा साक्षीदार झालो होतो. मंत्र्यांवर खोटं बोलण्याचे आरोप केले मी. त्यांना निदान माहीत तरी असायचं की आपण खोटं बोलतोय.

बाहेर स्कूटी थांबली. शैला. हातात हत्यारांची पिशवी, चेहऱ्यावर दुपारचं ऊन. ग्रुप तिनंही वाचला होता. ती माझ्याशी बोललीच नाही. सरळ रितूच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मग माझ्याकडे वळली.

“अहो, त्या नावापुढे आडनाव होतं. आपल्या मंदाचं नव्हे, भलत्याच घरचं. मी मुद्दाम भोकं पाडून घालवलं.”

मी विचारलं, का?

“भांडी विकायला लागली म्हणून त्या घराची गावभर नाचक्की नको, एवढ्यासाठी.”

एक फोन. तिला एक फोन केला असता तर! पण मी तिला फोन करत नाही, कारण ती भंगारातली बाई, आणि मी अनुभवी बातमीदार.

मग मी रितूची माफी मागितली. मराठीत मागितली, मग वाटलं कमी पडली, म्हणून हिंदीत मागितली. ती म्हणाली, मला नका सांगू, जिथे लिहिलंत तिथे लिहा. मी लिहायला बसलो. पहिल्या मसुद्यात मी ‘गैरसमजातून’ असा शब्द घातला होता. तिनं गणिताच्या वहीवर मारतात तशी बोटानं काट मारली. दुसऱ्यात ‘अनवधानाने’ होता. तोही गेला. शेवटी उरलं ते एवढंच: कळशी मंदाची नाही, मी तिला कधीच दिली नव्हती, रितूचा काही दोष नाही, मी न विचारता लिहिलं. इतका स्वच्छ मजकूर मी आयुष्यात लिहिला नाही. चिटणीस बाईंचा फोन दहा मिनिटांत आला. माइक रितूकडेच.

मला वाटलं, सुटलो. आणि सुटल्याच्या आनंदात माणूस मोठेपणा करतो. मी उभा राहिलो, कळशी दोन्ही हातांनी उचलली आणि मंदाला म्हटलं, सदतीस वर्षं उशीर झाला खरा, पण ही घे. दादाकडून.

मंदाचे डोळे भरून आले. माझेही येणार होते.

“अहो,” शैला म्हणाली, “हजीऱ्यात उन्हात उभी राहून आणली कुणी? घासली कुणी? भोकं कुणी पाडली?”

मी कळशी परत टीपॉयवर ठेवली. रितूनं हळूच विचारलं, मामीजी, नाव घालायचं मशीन आणलंय का. शैलानं पिशवीतून काढलं. दोघी खिडकीशी बसल्या, कळशी मांडीवर घेऊन. मशीन किर्र किर्र करत होतं, रितू सांगत होती, शैला ठिपके पाडत होती आणि मंदा तोंडाला पदर लावून हसत होती. मला बघू दिलं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला. कुणी मागितला नव्हता.

रविवारी प्रदर्शनाला झाडून सगळं ग्वाल्हेर आलं. पार किला गेटपासून लोक आले, माझा खुलासा वाचूनच आले असणार, दिव्यांची कुणाला पडली होती. शैलाच्या टेबलावर मधोमध ती कळशी, आत दिवा लावलेला, पुढे पाटी: ‘विकायची नाही, मंदाकिनीची आहे’. रितू माइकपाशी उभी राहिली. जांभळी साडी, हातात कागद नाही. ‘उपस्थित रसिकहो’ म्हणाली, आणि हिंदी घरातल्या सुनेच्या तोंडून इतकी शुद्ध मराठी ऐकून पुढच्या रांगेतल्या बायका सावरून बसल्या.

मग तिनं कळशी उचलून सगळ्यांना दाखवली आणि गळ्याखालचं नवं कोरलेलं वाचलं, एकेक अक्षर सोडवत: “चूक दुरुस्ती. वरील मजकुरात ‘दादाकडून’ ऐवजी ‘वहिनीकडून’ असे वाचावे.”

काय टाळ्या पडल्या हो! माझ्या छत्तीस वर्षांच्या लिखाणाला सगळं मिळून एवढ्या पडल्या नसतील. शेजारच्या माणसानं माझ्या पाठीवर थाप मारून विचारलं, ओळ तुमचीच ना?

नाही. तेवढीच एक खरी होती, आणि ती मी लिहिलेली नव्हती.